उतारावरची वीज

गाडी थांबली ती आवाज न करता. डिझेलची गाडी बंद पडायची तर आधी खोकायची, गचके द्यायची, धूर सोडायची आणि मग मान टाकायची. ही होती बॅटरीवरची. केळवड्याच्या घाटात, माथा अगदी जवळ आलेला असताना, तिचा वेग नुसता कमी होत गेला. रेडेकरमामांनी ती कशीबशी कडेला घेतली आणि हँडब्रेक लावला.

"काय झालं हो?" मागून कुणीतरी विचारलं.

"चार्जिंग संपलं," मामा म्हणाले. घरातलं कुणी गेल्याचं सांगावं तसा आवाज.

पहिल्या रांगेत दोन साहेब शेजारीशेजारी बसले होते. एक आमचे, महाराष्ट्राचे सरनोबत साहेब. दुसरे गोव्याचे मिनेझिस साहेब. सकाळपासून दोघांचं 'आपण आधी बसा, नाही नाही, आपण' असं चाललं होतं. आता दोघंही एकमेकांकडे न बघता आपापल्या बाजूच्या झाडांकडे बघायला लागले.

मी त्या गाडीची कंडक्टर. वैजयंता चौगले. आगारात कुणी चौगलेबाई म्हणायचं, कुणी नुसतं बाई. रेडेकरमामा मात्र वैजू म्हणायचे, कारण त्यांच्या गाडीवर मी नोकरीला लागल्यापासून होते. मी उठले आणि प्रवाशांना सांगितलं, "उतरा. आगाराला फोन केलाय, पण दुसरी गाडी माथ्यापर्यंतच येणार. तिथवर चालायला लागेल."

लोक बडबडत उतरले. सगळ्यांत शेवटी माझी धाकटी बहीण शालन उतरली. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. आमचं गाव सोनार्ली घाटमाथ्यावर, आणि आमच्याकडची माणसं मोठं आजारपण निघालं की कोल्हापूरला जात नाहीत, घाट उतरून गोव्याला जातात. अंतर निम्मं. सकाळची गोवा गाडी शालनला न्यायची आणि संध्याकाळी तीच घेऊन यायची. त्या दिवशीही ती डायलिसिस करूनच परत येत होती. तोंड पिवळं पडलेलं, हाताला पट्टी.

"आक्का, मी चालंन गं. सावकाश चालंन," ती म्हणाली.

ती चालली खरी. थोडं चालायची, कठड्यावर बसायची, परत उठायची. मी तिला धरून चालत होते, आणि मला त्या गाडीचा, त्या साहेबांचा आणि त्यांच्या चाचणीचा असा राग आला होता की बोलायची सोय नाही.

चाचणीचं प्रकरण असं होतं. दोन्ही सरकारांनी मिळून ठरवलं होतं की हद्द ओलांडणाऱ्या जुन्या डिझेलच्या गाड्या काढायच्या आणि धूर न सोडणाऱ्या आणायच्या. तुमच्या गाडीला आमचा चार्जर, आमच्या गाडीला तुमचा. परवाने अडवायचे नाहीत, खर्च वाटून घ्यायचा. लग्न ठरल्यासारखं सगळं गोड चाललं होतं. पण गोव्याकडचा चार्जर उभारायच्या आधी त्यांची एक अट होती. गाडीनं आमच्या आगारात एकदा चार्जिंग करून खाली जायचं आणि त्याच चार्जिंगवर घाट चढून परत यायचं. आली तर चार्जर होणार. नाही आली तर हा मार्ग योजनेतून बाद. आणि जुन्या डिझेल गाडीचा गोव्यात शिरायचा परवाना त्याच दिवशी, सोमवारी, संपत होता. म्हणजे चाचणी फसली तर ना ही गाडी, ना ती. शालननं मग जायचं कशानं, हे कुठल्याच अटीत लिहिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी गाडी ओढून आगारात आणली. कंपनीचा एक तरुण इंजिनिअर तिच्यात डोकं घालून बसला. दोन्ही साहेब त्याच्या मागे उभे.

"चढावर जेवढी खर्च व्हायला हवी तेवढीच झाली आहे," तो म्हणाला. "पण सकाळी घाट उतरताना काहीच जमा झालेलं नाही. असं व्हायला नको."

"म्हणजे तुमची मोटार खराब," सरनोबत म्हणाले.

"मोटार उत्तम आहे साहेब. गाडीतली सगळी नोंद काढली की कळेल, पण त्याचा माणूस पुण्याहून यायला लागेल. पंधरा दिवस तरी."

"गाडी बरी, मोटार बरी, मागीर पावली ना कित्याक?" मिनेझिस साहेब स्वतःशीच पुटपुटले, म्हणजे मग पोचली का नाही. मराठी ते माशातले काटे काढत खाल्ल्यासारखी जपून बोलायचे. वैतागले की कोकणी बाहेर यायची. "पंधरा दिवस मी थांबू शकत नाही. परवा बैठक. त्यात काय ते ठरवू."

ड्रायव्हरला कुणी काही विचारलं नाही. विचारणार कोण? रेडेकरमामा म्हणजे आख्ख्या विभागात डिझेल वाचवण्यात पहिला नंबर. दर वर्षी बक्षीस त्यांचंच. आगाराच्या भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये असं मी किती वेळा सांगितलं, पण तो काढायचा कुणाला धीर झाला नव्हता. चाचणीला मामांना बसवलं तेही त्याचसाठी, की डिझेल वाचवतो तो वीजही वाचवेल.

ते डिझेल कसं वाचायचं हे मला ठाऊक होतं. घाट लागला की मामा गाडी न्यूट्रलला टाकायचे. इंजिन नुसतं गुरगुरत राहायचं आणि गाडी आपल्या वजनानं उतरायची. नियमात ते बसत नाही. घाटात न्यूट्रल सापडलं तर सरळ चार्जशीट. पण मामांचा पाय ब्रेकवर असा बेताचा पडायचा की मांडीवर झोपलेलं पोर जागं व्हायचं नाही. वर्षाच्या शेवटी आगाराचं नाव व्हायचं, त्यामुळे साहेब लोक तिकडे काणाडोळा करत.

या गाडीला गियरचा दांडा नव्हता, बटणं होती. त्या सकाळी घाटाच्या तोंडाशी मामांचा अंगठा सवयीनं 'एन'च्या बटणावर गेलेला मी पाहिला होता. पाहिला आणि विसरले. मला त्यात नवीन काय होतं? उतरताना ब्रेकचा जळका वास आला तेव्हाही मला काही वाटलं नाही, कारण तो वास आमच्या रोजच्या ओळखीचा. इंजिनिअरचं बोलणं ऐकलं तेव्हा मात्र तो अंगठा परत डोळ्यांसमोर आला.

मंगळवारी मी मामांच्या घरी गेले. ते अंगणात मोटारसायकलची चेन पुसत बसले होते.

"मामा, काल उतारावर गाडी न्यूट्रलला होती."

"मग? आज काय पयल्यांदा?"

"ट्रेनिंगला तो इंजिनिअर सांगत होता ते आठवतंय? गियरमध्ये ठेवून उतरलं तर तीच मोटार गाडी धरून ठेवते आणि वीज तयार करून बॅटरीत भरते."

"उतारावर वीज मिळती म्हणं!" मामा हसले. "अगं, इकायला आलेला माणूस त्यो. काय बी सांगतोय. उद्या म्हणंल, सकाळी उठून गाडीची धार काढा, दूध देती."

"काल पाय सोडल्यावर कशी लागत होती गाडी?"

मामांचा हात थांबला. "मागनं कुणी तरी वढून धरल्यागत. बिरेक अडकल्यागत. माझ्या जिवाला ते बरं वाटंना. म्हटलं, मोकळी चालू दे बिचारी."

"तीच ती वीज, मामा."

मग त्यांच्या कपाळावरची शीर उठली.

"म्हंजे गाडी माझ्यामुळं थांबली म्हणतीस?"

"व्हय."

"आख्ख्या विभागाला मी डिझेल वाचवायला शिकिवलं, आणि तू मला शिकवाय आलीस?"

"उद्याच बैठक आहे मामा. तुम्ही एवढं सांगितलं तर ते परत एक चाचणी घेतील. नाहीतर मार्ग बंद होतोय. शालन..."

"ते मला सांगू नगंस!" मामा उठले. "रिटायर व्हायला माझं वरीस बी ऱ्हायलं न्हाई. घाटात न्यूट्रल मारलं म्हणून सोताच्या तोंडानं सांगू? आणि चार्जशीट हातात घिऊन घरी जाऊ? त्या फोटोखाली उभा ऱ्हाऊन?"

"मग मी सांगते."

"सांग जा. तुझं कोण ऐकतंय बघू."

मामी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा मी फाटकाशी पोचले होते. घरी येईपर्यंत मला रागानं रडू येत होतं, आणि त्यातला निम्मा राग मामांवर नव्हता. कारण त्यांचं म्हणणं मला कळत होतं.

बुधवारी सकाळी गोवा गाडी सुटलीच नाही. जुन्या गाडीच्या परवान्याला थोडी मुदत वाढवून मिळणार होती, पण तिचा कागद दोन्ही सरकारांकडून यायचा, तो एकाकडूनच आला होता. शालन माणसं भरली की सुटणारी वडापची जीप पकडायला उजाडता उजाडता निघाली. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाली, "तू तुझी बैठक बघ. मी काय ल्हान हाय?" परत यायची सोय नव्हती, म्हणून शुक्रवारचं डायलिसिस होईपर्यंत तिथेच हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत राहायचं असं तिनं ठरवलं होतं. पिशवीत दोन साड्या आणि चटणीचा डबा.

बैठक आगाराच्या विश्रांतीगृहात होती. साहेब लोक यायलाच दुपार झाली. चहा झाला, केळ्याचे वेफर्स झाले. रेडेकरमामांना बोलावलं होतं, पण त्यांचा पत्ता नव्हता.

मला वाटलं होतं दोन्ही साहेब भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. सरनोबत म्हणाले, "घाट फार तीव्र आहे, गाडीचा दोष म्हणता येणार नाही." मिनेझिस म्हणाले, "रस्त्याचाही दोष म्हणता येणार नाही." म्हणजे दोष कुणाचाच नाही, सबब मार्ग बाद. सोमवारपासून दोन्ही सरकारांचं पहिल्यांदा एकमत झालं ते गाडी बंद करण्यावर.

"साहेब, मला बोलायचंय," मी उभी राहिले.

"चौगलेबाई, नंतर," सरनोबत म्हणाले.

"नंतर काय उरणार आहे साहेब? सोमवारी घाट उतरताना गाडी न्यूट्रलला होती. म्हणून वीज भरली नाही. गाडी गियरमध्ये उतरवली तर ती परत येईल."

इंजिनिअर पोरगा खुर्चीत पुढे सरकला.

"न्यूट्रलला?" सरनोबतांचा चेहरा बघण्यासारखा झाला. भिंतीवरच्या फोटोला हार त्यांच्याच हातानं पडलेला. "कोण म्हणतं? रेडेकर म्हणजे काय नवशिका आहे? बाई, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का? आणि पुरावा काय?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"आणि रेडेकर नाही म्हणाले तर?"

तेवढ्यात दारात रेडेकरमामा उभे राहिले. अंगावर युनिफॉर्म नाही, साधा शर्ट. डोक्यापासून पायापर्यंत लाल धूळ. हातात हेल्मेट.

"या रेडेकर," सरनोबत म्हणाले. "बरे वेळेवर आलात. या बाई म्हणतात, सोमवारी तुम्ही घाटात न्यूट्रल मारलं. हे खोटं आहे, एवढंच सांगा आणि बसा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी मान खाली घातली.

"खरं हाय ते," मामा म्हणाले. "सोमवारचंच न्हवं, कायमचंच हाय. मला वाटलं, उतारावर वीज मिळती ही थाप हाय. चूक माझी हाय साहेब. गाडीची न्हाई आणि घाटाची बी न्हाई."

सरनोबतांनी हातातला कागद टेबलावर आपटला. "उद्यापासून तुम्ही गाडीवर चढायचं नाही. परत चाचणी घ्यायचीच म्हटली तर दुसरा चालक..."

"दुसरा नको," मिनेझिस म्हणाले. इतका वेळ ते मामांकडेच बघत होते. "चालक बदलला तर फरक कशाने पडला ते मी वर काय लिहू? तोच माणूस, तीच गाडी, तोच घाट. फक्त अंगठा दुसरीकडे. शुक्रवारी. मग तुमचं चार्जशीट तुम्ही खुशाल द्या."

शुक्रवारी सकाळी मामा युनिफॉर्म कडक इस्त्री करून आले. माझ्याशी बोलले नाहीत. मी दारात तिकिटाचं मशीन घेऊन उभी होते. गाडी आगाराबाहेर पडली, घाटाची पाटी दिसली, तेव्हा समोर बघतच म्हणाले,

"चौगलेबाई, हितं पुढं येऊन बसा."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी चौगलेबाई म्हटलं नव्हतं. मी जाऊन बसले.

"त्या बटणावर हात झाकून धरा. माझ्या अंगठ्याचा मला भरवसा न्हाई. हिकडं आला की हाणा."

मी 'एन'वर पंजा ठेवला. पहिल्याच वळणावर मामांचा अंगठा आला. मी हाणला. त्याच्या पुढच्या वळणावर परत आला. परत हाणला. मामा घामाघूम झाले होते. गाडी मागनं ओढल्यासारखी उतरत होती, मोटार बारीक सुरात गात होती, आणि ब्रेकचा वास अजिबात येत नव्हता. तिसऱ्यांदा मला त्यांची दया आली, पण तरी हाणलाच. तिकिटाच्या मशीननं हाणला, कारण हात दुखायला लागला होता. मागं मिनेझिस साहेब खो खो हसले.

समोरच्या पडद्यावर चार्जिंगचा आकडा होता. निम्मा घाट उतरला आणि तो आकडा एकानं वाढला. थोड्या वेळानं आणखी एकानं. मामांनी तो बघितला, रस्त्याकडे बघितलं, परत आकड्याकडे बघितलं.

"आयला, वैजू! चढली की गं!"

त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. सरनोबत साहेबसुद्धा दांडीला धरून पुढे आले आणि आमच्या खांद्यावरून आकडा बघायला लागले. पायथ्याला पोचेपर्यंत कुणीही जागेवर बसलं नाही. त्यानंतर मामांचा अंगठा बटणाकडे आला नाही. तरी मी हात काढला नाही.

पुढं जे व्हायचं ते झालंच. मामांना चार्जशीट मिळालं, एक वेतनवाढ गेली, भिंतीवरचा फोटो उतरवला गेला. गोव्यानं चार्जर उभारला. त्यानंतर दोन्हीकडून आणखी मार्ग सुरू झाले आणि नव्या चालकांना पहिल्या दिवशी न्यूट्रलचंच सांगतात. नाव मात्र कुणाचं घेत नाहीत. शालन पुढं बरीच वर्षं त्याच गाडीनं गेली आली. ती गेली तेव्हा मामा रिटायर झालेले होते, तरी ते मातीला आले होते.

पण त्या शुक्रवारची संध्याकाळ सांगायची राहिली. परतीच्या गाडीत शालन हॉस्पिटलच्या थांब्यावर चढली. तिकिटं संपवून मी तिच्या शेजारी बसले तेव्हा आम्ही घाट चढत होतो. आकडा उतरत होता, पण बेतानं. गाडी घरी पोचणार हे सगळ्यांना कळलं होतं.

"आक्का," शालन हळूच म्हणाली, "मामांनी बुधवारचं तुला सांगितलं काय?"

"काय बुधवारचं?"

"मला त्यांनीच खाली सोडलं की. वडाप भरून गेलं माझ्या डोळ्यादेखत. मी स्टँडवर बसून हुते. मामा आले, ड्यूटी नसताना. नुसते बघत हुते गाड्यांकडं. मला बघितलं आणि म्हणाले, बस मागं."

म्हणून ती लाल धूळ. म्हणून बैठकीला उशीर.

"घाट लागला तसं त्यांनी मोटारसायकल बंदच केली बघ. म्हणाले, उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं. सगळं एकदम गप. मला कसंतरीच व्हायला लागलं. मी म्हटलं, मामा, इंजिन चालू करा. ते म्हणाले, पडत न्हाईस गं. मी म्हटलं, पडायचं भ्या न्हाई वो." शालननं हाताच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "तुला सांगितलं न्हाई मी, गेल्या म्हयन्यात लाईट गेल्ती तवा माझं मशीन बंद पडलं. नर्सबाई येऊन हातानं मशीनचं चाक फिरवीपतोर नळीतलं रक्त मला जाग्यावर थांबलेलं दिसत हुतं. तवापास्नं कसला बी चालू आवाज बंद झाला की मला वाटतंय, संपलं आपलं. तेवढं सांगितलं त्यास्नी."

"मग?"

"मग काय. किक मारली, गियर टाकला आणि पार खालपतोर तसंच गियरमधनं नेलं. पर एक शब्द बोलले न्हाईत. हॉस्पिटलच्या दारात सोडलं आणि गाडी वळवून गेले. चा बी घेतला न्हाई."

मी पुढे मामांच्या पाठीकडे बघत राहिले. म्हणजे बैठकीत मी तोंड उघडायच्या आधीच, त्या सकाळी घाटातच, त्यांचं ठरलं होतं. एवढ्या लांबून धूळ खात ते स्वतःचंच सांगायला येत होते, आणि दारात पोचले तेव्हा मी सांगून मोकळी झाले होते. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

"रागावले असतील काय गं माझ्यावर?" शालननं विचारलं.

"तूच जाऊन विचार."

ती उठली आणि दांड्या धरत धरत पुढे गेली.

"मामा, बुधवारी मी मधीच बोलले, त्याचा राग आला काय तुम्हाला?"

मामांनी मान वळवली नाही. मोटार एका सुरात चालली होती.

"जाग्यावर जाऊन बस, पोरी," ते म्हणाले. "आयकू येतंय न्हवं? चालू हाय."